शिजलं हे कोण सांगणार?

टीव्ही एकट्याने घेता येतो, गाडी नवरा-बायको मिळून घेतात. पण कुकर घ्यायचा म्हटला की घरातली, घराबाहेरची आणि फोनवरची सगळी माणसं त्यात पडतात. कारण कुकर हा विषय प्रत्येकाला कळतो. ज्यांनी जन्मात कुकरची रिंग बदललेली नाही, तेही "रिंग मात्र ओरिजिनल बघून घ्या हो," असं बजावून जातात. झाकण आत जाणारा हॉकिन्स बरा की वरून बसणारा प्रेस्टिज, यावरून १९५९ पासून आपल्या घरांत दोन तट आहेत. दोघांनीही त्याच साली इकडे बस्तान बसवलं, त्यामुळे 'आमचा जुना' असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही. मुलगी सासरी जाते, आडनाव बदलते, आमटीत गूळ घालायला शिकते, पण झाकणाच्या बाबतीत माहेरची बाजू सोडत नाही.

अशा समाजात माझ्या भाच्याने आणि भाचेसुनेने स्लो कुकर घ्यायचा ठरवला.

दोघंही हिंजवडीत नोकरीला, घर वाकडला. सकाळी आठला बाहेर पडायचं आणि परत कधी यायचं ते वाहतूक पोलिसांच्या हाती. सकाळी सगळं भांड्यात टाकून जावं आणि रात्री आल्यावर गरम जेवण तयार असावं, एवढीच त्यांची माफक इच्छा. ती त्यांनी रविवारच्या जेवणाच्या वेळी बोलून दाखवली. त्या जेवणाला माझी ताई, म्हणजे भाच्याची आई होती, कोल्हापूरहून आलेले व्याही होते आणि मी होतो. पुढचे दोन तास पानावरून कुणी उठलं नाही.

"आठ तास?" ताई म्हणाली. "अरे, आठ तासांत मी सत्यनारायण घालून, पन्नास पानं वाढून, दुपारची झोप काढून उठेन."

भाचेसुनेने शांतपणे समजावलं. आत जाड चिनीमातीचं भांडं असतं, त्याच्याभोवती विजेची कॉइल, वर काचेचं झाकण. 'लो'वर ठेवला तर सात-आठ तास, 'हाय'वर ठेवला तर निम्मा वेळ. दाब नाही, वाफेचा फुत्कार नाही, काही नाही.

"आणि शिट्टी?"

"शिट्टी नसते, आई."

"मग शिजलं हे कोण सांगणार?"

यावर टेबलाशी जी शांतता पसरली, ती भाचेसुनेच्या बाजूची नव्हती.

ताईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरात शिट्टी ही वाफ सोडायची सोय कधीच राहिलेली नाही. ते घड्याळ आहे, निरोप आहे आणि सुनेची परीक्षाही आहे. "तीन झाल्या की बंद कर गं," हे वाक्य न्हाणीघरातून, देवघरातून, शेजारच्या फ्लॅटमधून कुठूनही ऐकू येतं आणि ज्याला उद्देशून आहे त्याला बरोबर कळतं. आमच्या ताईला दोन मजले वरच्या बिऱ्हाडातल्या शिट्ट्यांवरून तिथे आज हरभरे आहेत की नुसता भात, आणि पाहुणे जेवायला थांबलेत की चहावर गेलेत, हे सांगता येतं. वास्तविक कुकरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण दाब आल्यावर आच कमी करून मिनिटं मोजायला सांगितलेलं असतं. पण ती पुस्तिका गॅरंटी कार्डासकट कपाटात ठेवायची वस्तू आहे, वाचायची नव्हे.

स्लो कुकर मुका असतो. तो बरोबर चालला आहे की बंद पडला आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही, ऐकून तर नाहीच. हात लावून बघावा तर बाहेरून चांगलाच गरम. मग माणूस काय करतो? झाकण उघडतो. आणि इथे त्या यंत्राचं आणि मराठी माणसाचं कायमचं बिनसतं. एकदा झाकण काढलं की साठलेली वाफ जाते आणि शिजायची वेळ वीस-तीस मिनिटांनी लांबते, असं बनवणारेच सांगतात. ताईसारखी बाई घरात असेल, तर सकाळी लावलेली उसळ दुसऱ्या दिवशीच्या डब्याला जाईल. उसळ ढवळायची नाही, तिच्यात डोकावायचं नाही, चमच्यावर दोन दाणे घेऊन बोटाने चेपायचे नाहीत, मग स्वयंपाक केला असं म्हणायचं कशाला, असा तिचा सरळ सवाल. मला तो पटला. झाकण काचेचं का केलं आहे, तर आत बघता यावं म्हणून. पण तासाभरात त्यावर आतून एवढी वाफ धरते की दिसत काहीच नाही. दिसत नाही म्हणून उघडायचं आणि उघडायचं नाही म्हणून काच. असो.

शेवटी भाचेसुनेने इतिहासाचा आधार घेतला. हे भांडं निघालं शिकागोत. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या गृहस्थाने त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं. त्याच्या आईने त्याला लिथुएनियातल्या ज्यू वस्तीची गोष्ट सांगितली होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा सब्बाथ सुरू, मग चूल पेटवायची नाही. म्हणून त्याआधीच घरोघरच्या बाया घेवडा, बटाटे, मांस, सातूचे दाणे असं सगळं एका भांड्यात भरून गावच्या पाववाल्याकडे द्यायच्या. रात्रभर त्याच्या निवत्या भट्टीच्या धगीवर ते शिजायचं आणि दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता गरम जेवण व्हायचं. त्याला चोलंट म्हणतात. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणलं. दिवसभर नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते डोक्यावर घेतलं.

"म्हणजे आपली शिळासप्तमीच की," ताई म्हणाली. "श्रावणात आपणही चूल पेटवत नाही. आदल्या दिवशी करून ठेवतो आणि गार खातो. त्यासाठी कुणी यंत्र नाही काढलं."

हा मुद्दा मला एकदम मान्य झाला. सण पाळणारी माणसं दोन्हीकडची, ती गरम जेवली आणि आपण गार, एवढाच फरक. आणि शनिवार पाळणारे ज्यू काही फक्त लिथुएनियात नव्हते. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून अख्खा कुलाबा जिल्हा त्यांना शनवार तेली म्हणून ओळखायचा. इतकंच काय, सकाळी लावून कामावर जायचा कुकरही नॅक्सनच्या आधी आपल्याच देशात झाला आहे. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर नळकांड्यात एकावर एक डबे. एकात डाळ, एकात भात, एकात मटण. निखारा घालून कचेरीत जायचं, आल्यावर जेवायचं. त्यालाही शिट्टी नव्हती. पण ताईला हे मी सांगितलं नाही, कारण मला त्या घरी पुढेही जेवायला जायचं आहे.

व्याही आतापर्यंत तांबड्या रश्श्यात मग्न होते. ते म्हणाले, "मामा, एक सांगू का? त्यात मटण शिजतंय का नाही, एवढं बोला. बाकी समदं राहू द्या."

आणि मला वाटतं, साऱ्या चर्चेत मुद्द्याचं बोलणारे ते एकटेच.

कारण स्लो कुकर निवडताना लोक आधी लिटर बघतात, मग बटणं बघतात, मग रंग. बघायचं असतं ते एकच, आपल्या घरात आठवड्याला सर्वांत हट्टी जिन्नस कोणता शिजतो. तुरीची डाळ, तांदूळ, बटाटे, मूग ही मवाळ मंडळी आहेत. प्रेशर कुकरमध्ये एका चौरस सेंटिमीटरवर किलोभर दाब असतो, पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि वरण पाव तासात गळून जातं. उघड्या भांड्यात पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं. स्लो कुकर त्याच्या जरा अलीकडे जाऊन घुटमळतो. तुरीच्या डाळीसाठी आठ तास घुटमळण्यात काय हशील? बरं, आपली आमटी तर अशी की कुणी उत्साहाने डाळीबरोबरच चिंच-गूळही घालून ऑफिसला गेलं, तर रात्री दाणे जसेच्या तसे टणक राहिलेले. आंबट आणि गोड दोन्ही डाळ मऊ होऊ देत नाहीत. ते शेवटीच घालावं लागतं, आणि शेवटी घालायला घरात माणूस लागतं. माणूस घरात असेल तर स्लो कुकर कशाला?

शिवाय फोडणी. 'सगळा स्वयंपाक एकाच भांड्यात' असं खोक्यावर छापलेलं असतं. ते छापणाऱ्याच्या घरी मोहरी तडतडत नसावी. स्लो कुकर पाण्याच्या उकळीपलीकडे जात नाही आणि मोहरीला तडतडायला तेल त्याच्या कितीतरी पुढे तापलेलं लागतं. म्हणजे कढल्याला सुट्टी नाही. कांदा लाल व्हायचा तो कढईत, खोबरं भाजायचं ते तव्यावर, वाटण मिक्सरमध्ये. मग हे सगळं त्या एकाच भांड्यात घालून 'वन पॉट' जेवण करायचं आणि चार भांडी घासायची.

पण नळी, खूर, मानेचा चिवट भाग असे जिन्नस प्रेशर कुकरच्या धमकीला पटकन दाद देत नाहीत. मटण शिट्ट्या काढून शिजतं खरं, पण हाडाजवळच्या पांढऱ्या चिवट धाग्यांचं पाणी होऊन रश्श्याला जो चिकटपणा येतो, तो घाई केली तर तितका येत नाही. तिथे मंद आचेवरचे सात-आठ तास सत्कारणी लागतात. पायाचं सूप तर स्लो कुकरमध्ये रात्री लावावं आणि सकाळी प्यावं. भिजवलेले काळे वाटाणे, हरभरे, वाल हेही त्यात सुखाने शिजतात, सालं न फाटता. कोंबडीचा छातीचा भाग मात्र आठ तासांनी कापूस होतो आणि पापलेटाचं काय होईल ते लिहवत नाही. म्हणून माझा हिशेब असा, की घरात आठवड्यातून एकदा तरी हाडं किंवा कडधान्यं शिजत असतील तर स्लो कुकर घ्यावा. ज्यांच्या घरी वर्षभर वरण-भात, तूप, लिंबू आणि आठवड्याला एक बटाट्याची भाजी एवढंच असतं, त्यांनी त्या पैशात बरं तूप घ्यावं.

इथवर एकमत झालं. मग निघाला आकार.

मराठी माणूस कोणतंही भांडं स्वतःसाठी घेत नाही. तो ते पाहुण्यांसाठी घेतो. दोन माणसांच्या संसारात पाच लिटरचा कुकर, बारा कपांची चहाची किटली आणि पंचवीस माणसांचा पुलाव मावेल असं पातेलं असतंच. त्यातली निम्मी भांडी माळ्यावर पाहुण्यांची वाट बघत असतात आणि पाहुणे आल्यावर जेवण बाहेरून मागवलं जातं. "सहा लिटरचाच घे," ताई म्हणाली, "दिवाळीत सगळे आले तर?" दिवाळीत सगळे आले तर चकली खातात, हे तिला कोण सांगणार. स्लो कुकरचं असं आहे की तो निम्म्याहून कमी भरला तर कडेने करपतो आणि दोन-तृतीयांशाच्या वर भरला तर शिजायला ताटकळतो. त्यामुळे दोघांसाठी तीन-साडेतीन लिटर पुरे, पाचसहा माणसांच्या घरी पाच-सहा लिटर. दोघांनी सहा लिटरचा घेतला, तर एक तर रोज सहा माणसांचं शिजवायचं, नाहीतर आठवडाभर तेच खायचं. भाचा आठवडाभर एक भाजी खाईल असं त्याच्या बायकोलाही वाटलं नाही, आणि ती आशावादी आहे.

यानंतर न्यू जर्सीचा विषय निघणं अपरिहार्य होतं. भाच्याचा मावसभाऊ डिसेंबरात येणार होता. "त्यालाच सांग की बॅगेत घालून आणायला, तिकडे स्वस्त मिळतो." अमेरिकेतून सामान आणायच्या या हौसेला तोड नाही. माणसाची तेवीस किलोची बॅग, त्यात चिनीमातीचं भांडं आणि त्याच्या पोकळीत कोंबलेली चॉकलेटं. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, इकडे २३० ची. तो कुकर इथे भिंतीत खोचला तर आठ तास थांबावं लागणार नाही, पहिल्याच मिनिटाला निकाल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मग दोन जड वस्तू ओट्यावर ठेवायच्या आणि मिक्सर कुठे ठेवायचा ते ठरवायचं.

बटणांचा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे, आणि त्यावर मीही दोन दिवस विचार केला. स्लो कुकर दोन जातींचे. एकाला गोल फिरवायचा खटका: ऑफ, लो, हाय, वॉर्म. दुसरा डिजिटल, आठ तास झाले की आपणहून 'वॉर्म'वर जातो आणि जेवण गरम राखतो. हिंजवडीत नोकरी असेल तर दुसराच हवा, असं कुणीही म्हणेल. आठ तास शिजायचे आणि बारा तास घराबाहेर; मधल्या चार तासांत खटक्याच्या कुकरमधली उसळ शिजण्याच्या पलीकडे जाते. पण पुण्यात गुरुवार येतो. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी जातं, काही भागांत वीजही जाते. वीज गेली आणि परत आली, की खटक्याचा कुकर जिथे होता तिथून काम सुरू करतो. बरेच डिजिटल कुकर मात्र सगळं विसरतात. आकडे लुकलुकत बसतात आणि आतला माल कोमट होऊन आंबतो. खटक्याच्या कुकरातही वीज दोन-तीन तास गेली असेल आणि आपण घरी नसू, तर तो माल वास चांगला आला तरी टाकून द्यायचा. तिथे ताईचंही ऐकायचं नाही.

विजेचं बिल म्हणाल तर भीती नको. साडेतीन लिटरचा कुकर दोनशे वॅटचा धरला, तर आठ तासांत १.६ युनिट. इस्त्री, गिझर यांच्यापुढे तो गरीब आहे. चिनीमातीचं भांडं सुटं निघतं ना, हे मात्र दुकानात स्वतः काढून बघावं. सुटं निघालं नाही तर नळाखाली अख्खं यंत्र धरावं लागेल, आणि तसं करणारे नवरे प्रत्येक घरात असतात. आदल्या रात्री भरून फ्रिजमध्ये ठेवलेलं भांडं सकाळी थेट तापत्या कुकरात ठेवलं, तर तडकतं. बटाटा, गाजर तळाशी घालावं आणि मटण वर. इथे मटणाआधी बटाटा शिजत नाही. पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा बरंच कमी घालावं. दही, नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं.

भाचेसुनेने शेवटी साडेतीन लिटरचा, खटक्याचा घेतला. सोबत टायमर लावलेला प्लग घेतला, म्हणजे आठ तासांनी वीज आपोआप बंद. जेवण उशिरापर्यंत गरम राहावं म्हणून वॉर्मवर सोडता येत नाही, पण गुरुवारी कुकर विसरतही नाही. ताईला ही तडजोड आवडली नाही, कारण ती तिने सुचवली नव्हती. पहिला मटणाचा रस्सा व्याह्यांच्या मसाल्याचा झाला. व्याह्यांनी दोनदा वाढून घेतला आणि ताईने एक चमचा चाखून, मीठ कमी आहे, असं सांगितलं. आमच्या घरात याहून मोठी पावती मिळत नाही.

तुम्ही घेणार असाल तर एवढं मात्र ऐका. कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीही थेट घालू नका. त्यातलं विष मंद आचेवर मरत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा जास्त बाधतो आणि उलट्यांनी माणूस हैराण होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मगच त्यात घाला. एवढं करायचा कंटाळा येत असेल, तर सरळ प्रेशर कुकरला लावा. पाच शिट्ट्या पुरतात.

ताई म्हणते, सहा.